हाकेला कोण आलं?

"एकोणतीस चोक एकशे सोळा," सुनीती म्हणाली आणि आंबा घाटाच्या पहिल्या वळणावर तिने गिअर हलका केला.

पुढे स्कूटरवर तिचे प्रशिक्षक मुजावर सर होते. चढावर स्वाराला पाढे म्हणायला लावायचे, ही त्यांची जुनी पद्धत. पाढा सलग आला तर दम शाबूत. अडखळला तर वेग उतरवायचा. सर चार दिवसांचे असताना त्यांची आई गेली. आत्याने वाढवलं आणि पाढेही तिनेच घोटून घेतले. सांगलीतल्या दोन पिढ्यांचे सायकलपटू त्यांच्या मागे घाट चढताना एकोणतीसचा पाढा शिकले. त्यातले निम्मे शाळेत गणितात गटांगळ्या खात होते, हा भाग वेगळा.

सुनीती मगदूम राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा घाटाची विजेती ठरली होती. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात तिला घरचा जिना चढवेना. हृदयाचा स्नायू सैल पडला होता. क्वचित एखाद्या बाळंतिणीला होतं तसं. सायकल तर सोडाच, लेकीला कडेवर घेऊन चालायलाही मनाई झाली. आठ महिने सायकल गच्चीच्या खोलीत उलटी टांगून होती आणि सुनीती गच्चीवर पाऊल टाकत नव्हती.

मग डॉ. मृदुला कर्णिक यांचं नवं औषध आलं. त्याचं खरं नाव बोबडी वळवणारं होतं, म्हणून वॉर्डातल्या नर्स त्याला नुसतं 'हाक' म्हणत. ते कामही तेच करी. शरीरात इकडेतिकडे विखुरलेल्या मूळपेशींना ते दुखऱ्या जागी बोलावून घेई, आणि आलेल्या पेशी तिथे रुजून नवा स्नायू होत. सुनीतीच्या हृदयात नाण्याएवढा नवा तुकडा उगवला आणि धडधडूही लागला. अडचण एकच होती. ढोलपथकातला नवखा गडी एक ठोका आधीच टिपरू हाणतो, तसा हा तुकडा नेहमी थोडा पुढे पळायचा.

छातीवर चिकटवलेली स्पंदनपट्टी हे दोन ठोके वेगळे करून दाखवी. जुन्या स्नायूची निळी रेघ, नव्याची केशरी. श्रम वाढल्यावर रेघा जुळल्या, तर सायकल परत मिळणार होती. फाकत गेल्या, तर ठोके बेताल होऊन जिवावर बेतलं असतं आणि शर्यती कायमच्या संपल्या असत्या. आज त्याचा निकाल होता. मागच्या गाडीत डॉक्टर पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. हृदयाला झटका देणारं यंत्र त्यांच्या पायाशी होतं. गाडी सुनीतीचा नवरा अभय चालवत होता आणि मागे त्यांची सव्वा वर्षाची लेक जुई स्वतःचा मोजा चघळत होती.

नाडी शंभरावर गेली. मग एकशे दहा.

"फट मिटत नाहीये," कानातल्या यंत्रातून डॉक्टरांचा आवाज आला. "एकशे पंधराला थांबायचं."

"एकोणतीस सक..." सुनीती म्हणाली, आणि पुढचा आकडाच सुचेना.

सरांनी स्कूटर बाजूला घेतली. "बास. उतर खाली."

"सर, दमले म्हणून नाही चुकले. आत कुणीतरी माझ्या पुढं पळतंय. मला गाठू द्या की त्याला!"

चाळीस वर्षांत पाढा चुकल्यावर सरांनी कुणालाही पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी मागच्या गाडीकडे पाहिलं. डॉक्टर पडदा सोडून मागे वळल्या होत्या. त्यांनी जुईचं मनगट दोन बोटांत धरलं होतं आणि त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"चढू द्या तिला," त्या म्हणाल्या. "एकशे अठ्ठावीसपर्यंत. पट्टीवरचा लाल दिवा लागला, तर तिथल्या तिथे पाय खाली."

सुनीती पेडलवर उभी राहिली. दरीत पानं झडलेल्या सावरी लालभडक फुलल्या होत्या, पण तिला फक्त रस्त्याची कड दिसत होती. एकशे वीस. एकशे चोवीस. केशरी रेघ पुढे होती, निळी तिच्यामागे धावत होती. एकशे अठ्ठावीसला निळी रेघ केशरीखाली सरकली आणि पडद्यावर एकच रेघ उरली.

"एकशे चौऱ्याहत्तर!" सुनीती ओरडली. "साते दोनशे तीन! आठे दोनशे बत्तीस!" उरलेला पाढा तिने माथ्यापर्यंत पुन्हापुन्हा म्हटला.

माथ्यावरच्या टपरीवर चहा आला. डॉक्टरांनी मात्र कपाला हात लावला नाही.

"काल रात्री अहवाल आला. मला खरा वाटेना, म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. "नव्या स्नायूतल्या पेशी तुझ्या नाहीत, सुनीती. जुईच्या आहेत. गरोदरपणात वारेतून बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. मी तुझ्या पेशींना हाक मारली होती. ओ दिली हिने. आणि ठेकाही हिचाच आहे. मघाशी मोजला मी. एकशे अठ्ठावीस."

सुनीतीने जुईचा चिकट पंजा उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि ती रडू लागली. जुईने पट्टी ओढायचा प्रयत्न केला.

व्यवहाराची आठवण सरांनाच झाली. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेचा अर्ज भरायचा होता. त्यातला नववा प्रश्न होता, 'आपल्या शरीरात दुसऱ्या व्यक्तीच्या पेशी आहेत का?' दुसऱ्याचं रक्त चढवून दम वाढवणाऱ्यांसाठी तो होता; 'हो' म्हणणारा बाद होई.

"नाही लिही गं," सर म्हणाले. "पोटची पोर काय दुसरी व्यक्ती असती व्हय?"

"खोटं लिहून घाट नाही जिंकायचा मला, सर."

"मग 'हो' सगळ्यांनाच लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "ही वाट दुहेरी आहे. आईच्या पेशीही बाळात उतरतात. बहुतेकांच्या अंगात त्या म्हातारपणापर्यंत सापडतात."

सुनीतीने डोळे पुसले, अर्जावर 'हो' लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली, 'तुमच्याही आहेत. तपासून बघा.'

सर हसले नाहीत. त्यांनी हातातला कप खाली ठेवला होता, आणि त्यांचा उजवा हात स्वेटरच्या आत छातीवर गेला होता.

"बहुतेकांच्या म्हणजे... माझ्याबी?"

"असतील, सर."

"अडुसष्ट वर्षं झाली. घरात अम्मीचा एक फोटो नाही." ते दरीकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मी हाक मारली तर ती ओ देईल?"