हवा मोकळी ठेवा

तळ्याच्या दुसऱ्या टोकाला लाल कडा आहे. त्या कड्याला हात लावायचा आणि इंजिनाच्या जोरावर दिवस मावळायच्या आत घरी परतायचं, एवढीच आमची मोहीम. नाही जमलं तर बाबा स्वतःच्या हातानं होडी फोडणार होते. तसा शब्द त्यांनी आईला दिला होता आणि आईनं तो त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला होता.

होडी बाबांनी घरीच बांधलेली. फर्निचरचा कारखाना बंद पडल्यावर ते वर्षभर खिडकीपाशी नुसते बसून होते. काही विचारलं तर हो किंवा नाही, बस्स. मग एक दिवस प्लायवूडचे तक्ते घेऊन आले आणि माणूस बोलायला लागला! जेवताना बोलायचे, अंघोळीला जाता जाता बोलायचे, सगळं होडीचं. आईला ती होडी सवतीसारखी वाटायची. पाण्यात जाऊन मरायची हौस, असं ती त्या सगळ्याला म्हणायची. मला मात्र ते औषध वाटायचं. होडी फुटली की बाबा पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याच भीतीनं मी बरोबर निघाले होते.

होडीत बाबा, मी आणि तिसरे म्हणजे मामा. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. घरच्या शेडमध्ये जॅम बनवून बरण्यांत भरायचा आमचा धंदा आहे, तो आई, मामा आणि मी चालवतो. मामा आईच्या शब्दाबाहेर नाहीत. दोन वर्षं त्यांनी होडीकडे बघून नाक मुरडलं आणि इंजिन लागणार म्हटल्यावर स्वतःहून एका कोळ्याकडचं जुनं इंजिन घेऊन हजर! एवढा पुळका अचानक कुठून आला?

शिवाय मी आंधळी नव्हते. काम आटोपलं की मामा रोज संध्याकाळी पेट्रोलची टाकी उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवायचे. सकाळी ती परत जागेवर. कशाला नेता म्हणून विचारलं तर म्हणाले, तुला त्यातलं नाही कळायचं. निघायच्या सकाळी फाटकापाशी आई त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली, मामांनी मान डोलावली आणि मला पाहताच दोघं गप्प. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी ठरवून टाकलं, आज ह्या माणसावरची नजर हटवायची नाही.

तळं त्या दिवशी अगदी शहाण्यासारखं निपचित पडलं होतं. मागे काठावरच्या शेडचे पत्रे लहान होत गेले, दोन्ही बाजूंनी झाडी पाण्यापर्यंत उतरत आली, आणि बाबांनी सुकाणूचा दांडा असा धरला होता की जणू जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. इंजिन एका सुरात चाललं होतं. मीसुद्धा जरा सैलावले.

आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग बंद!

बाबांनी टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल भरपूर. मामांनी पुढे सरकून झाकण परत बसवलं, वरून हात फिरवला, सगळं पक्कं आवळलं. बाबांनी प्लग काढून पुसला आणि दोरी ओढली. फटदिशी सुरू! गुन्हेगार सापडला, प्लगच होता, असं बाबांनी जाहीर करून टाकलं.

तळ्याचं पात्र निमुळतं होऊ लागलं तिथे ते पुन्हा मेलं. पुन्हा टाकी उघडून पाहणं झालं, पुन्हा मामांनी झाकण लावलं. या वेळी बाबांनी गाळणी साफ केली. पुन्हा सुरू. म्हणजे गुन्हेगार गाळणी! तिसऱ्या खेपेला टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीवर आळ आला, तीही फुंकून झाली. दर वेळी दुरुस्ती वेगळी आणि दर वेळी इंजिन आज्ञाधारकपणे सुरू! उपाय लागू पडत होता, रोग मात्र जागच्या जागी. आणि दर वेळी टाकीपाशी कोण? मामा.

पुढे लव्हाळ्यांचं रान लागलं. माणसाच्या उंचीची लव्हाळी, मधून होडीपुरती वाट. आत शिरलो तोच इंजिनाचा पंखा पाणवेलीत गुरफटला आणि घुसमटून थांबला. बाबा शर्ट काढायला लागले, पाण्यात उतरून वेल कापतो म्हणाले. तेवढ्यात मामांनी त्यांच्या हातातला सुरा जवळजवळ हिसकावला आणि धपकन पाण्यात उडी टाकली! ज्या माणसाला धड पोहता येत नाही, जो पावसात अंगण ओलांडायला कुरकुरतो, तो कंबरभर चिखलात! होडीच्या मागे, आम्हाला दिसणार नाही अशा जागी, ते बराच वेळ काहीतरी करत होते.

नाकातोंडात पाणी गेलेले मामा धापा टाकत वर आले तेव्हा मला राहवलं नाही.

"मामा, आईनं सांगितलंय ना तुम्हाला हे सगळं?"

"काय सगळं?"

"इंजिन बंद पाडायला. टाकीत काय घालता तुम्ही रोज अंगणात नेऊन?"

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा इंजिनाकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मामांना माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं असावं. संशयाची ठिणगी एका होडीत पडली की तिघांनाही चटका बसतो. मामा पिळून काढलेला शर्ट मांडीवर घेऊन पुढच्या टोकाला पाठ करून बसले.

लव्हाळ्यांतून बाहेर पडलो आणि वारा अंगावर आला. इथे तळ्याच्या उजव्या अंगाला सांडवा आहे. जास्तीचं पाणी तिथून उतरणीवर कोसळतं. डाव्या काठाला धरून, इंजिन चालू ठेवून, झटपट निघून जायचं, असं बाबांनी आधीच बजावलं होतं. सांडव्याचा आवाज लांबूनच येत होता, एकसारखा, जड. पाणी वरून गुळगुळीत दिसत होतं, पण पाण्यावरची पानं सगळी एकाच दिशेला पळत होती.

बरोबर तिथेच इंजिन खोकलं.

बंद!

होडीनं तोंड फिरवलं. उजवीकडे. बाबांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही! मामांनी वल्हं घेतलं, मी बसायची एक फळी उपसली आणि तिनंच पाणी मागे लोटायला लागले. आवाज वाढला. काठावरची झाडं उलट्या बाजूला सरकू लागली. पाण्यातून वर आलेल्या एका खडकावर होडीची कड करकरत घासली आणि सांध्यातून पाण्याची धार आत आली.

"फुगा दाब!" बाबा ओरडले.

नळीच्या मध्यावर रबरी फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल इंजिनात ढकललं जातं. मी फळी टाकून फुगा धरला. तो चपटा झाला होता, आतून कुणीतरी चोखून घेतल्यासारखा. दाबायला त्यात काही उरलंच नव्हतं. पेट्रोल संपलं की काय! मी टाकीचं झाकण खसकन फिरवलं.

फुस्स!

आणि माझ्या मुठीतला फुगा आपोआप फुगला.

मी क्षणभर नुसती बघत राहिले. टाकी हवा ओढत होती. तिला हवा हवी होती! मी फुगा दाबला, एकदा, दोनदा, तो टणक झाला. बाबांनी दोरी ओढली. इंजिन गरजलं! बाबांनी दांडा दाबला, होडी थरथरली, जागच्या जागी अडली आणि मग तसूतसूनं डावीकडे सरकू लागली. मामांनी वल्हं खाली ठेवलं, सवयीनं झाकण उचललं आणि टाकीवर बसवायला गेले. झाकणाच्या डोक्यावर एक बारका पितळी स्क्रू होता. त्यांचा अंगठा त्यावर फिरताना मी पाहिला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. उघडंच राहू दे."

डावा काठ आला. झाडाच्या फांदीला दोरी अडकवल्यावर बाबांनी ते झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तो स्क्रू टाकीत हवा जायची वाट होती. तो आवळला की पेट्रोल जसजसं कमी होई तसतशी आत पोकळी होई आणि थोड्या वेळानं एक थेंबही बाहेर येईना. आम्ही पेट्रोल बघायला झाकण उघडलं की हवा आत जाई, इंजिन सुरू होई, आणि शाबासकी प्लगला मिळे! घरी पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून पाहिलं तेव्हा झाकण बाजूलाच पडलं होतं, म्हणून तिथे काही कळलं नाही.

"मेव्हणे," बाबा म्हणाले, "कोळ्यानं तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं ना. टाकीची हवा मोकळी ठेवा म्हणाला." मामा गोंधळून गेले होते. "म्हणून तर रोज तिला अंगणात नेऊन ठेवत होतो, दाजी. शेडमध्ये कोंदट होतं."

बाबा हसू लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसू येईना. जन्मभर बरण्यांची झाकणं हवाबंद करणाऱ्या हाताला ढिला स्क्रू दिसला की तो आवळणारच; माझ्याही हातून तेच झालं असतं. मी मामांना विचारलं, मग फाटकापाशी आई काय कुजबुजली? मामांनी आधी टाळाटाळ केली. मग म्हणाले, "ह्यांना पाण्यात उतरू देऊ नकोस म्हणाली. काही झालं तर तू उतर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची माफी मागितली, तर ते म्हणाले, राहू दे गं, आधी पाणी उपस.

पाणी खरंच चढत होतं. सांध्यात मामांचा शर्ट कोंबला तरी धार थांबेना. वाऱ्यानं लाटा उठल्या होत्या. आणि समोर, वळणापलीकडे, लाल कडा दिसत होता. अगदी उन्हात न्हालेला, जवळ. इंजिन आता थांबणार नव्हतं. मी बाबांना म्हटलं, एवढंसंच राहिलंय, जाऊ या.

बाबांनी कड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दांडा फिरवला.

"होडी मला पुन्हा बांधता येईल," ते म्हणाले. "तुम्ही दोघं नाही."

ते पुन्हा बांधणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. परतीच्या सगळ्या वाटेवर मी डब्यानं पाणी उपसत होते आणि रडत होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तोंडावर पाणी मारत होते. इंजिन एकदाही थांबलं नाही.

आई काठावर उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. होडी वाळूला लागताच मामा सर्वांत आधी उतरले आणि तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "लावला हात, ताई. कड्याला हात लावून आलो."

मामा आईशी खोटं बोलले! दिवसभर ज्यांच्यावर मी खोटेपणाचा आळ घेतला, ते आयुष्यात पहिल्यांदा बहिणीशी खोटं बोलले, तेही माझ्या बाबांसाठी. कान मात्र लालबुंद झाले होते.

"नाही," बाबा होडीतूनच म्हणाले. "दिसला, पण पोहोचलो नाही. अर्ध्यातून परत फिरलो." मग ते शेडकडे बघत म्हणाले, "कुऱ्हाड कुठे आहे?"

आई पुढे आली. तिनं उघडलेल्या सांध्यावरून हात फिरवला. मामांच्या उघड्या, चिखलानं माखलेल्या अंगाकडे पाहिलं. मग विचारलं, "परत का फिरलात?"

"पाणी आत येत होतं. ही दोघं बरोबर होती."

मला वाटलं आता आई कुऱ्हाड आणायला वळणार.

"कडा कुठे जात नाही," ती म्हणाली. "शब्द मोडला कुठे? पुरा व्हायचा राहिलाय." आणि मग होडीच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बोट करून, कुणाकडेही न बघता, "तिथे आणखी एक माणूस बसतं का?"

बाबांनी तिथल्या बसायच्या फळीवर तळहात फिरवला, रंधा मारून झाल्यावर फिरवतात तसा.

"बसतं," ते म्हणाले. "तुझं माप घेऊनच कापलीये."

आईनं चपला काढून वाळूत ठेवल्या, घोटाभर पाण्यात उतरली आणि आमच्याबरोबर होडी वर ओढू लागली.