तिसरा सारस, चौथा लेख

जूनमधली पहाट. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडे एका बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर सोनिका पटले घोट्यापर्यंत चिखलात रुतून उभी होती. शेजारी एक अनोळखी तरुण दुर्बीण डोळ्यांना लावून समोरच्या धानाच्या बांध्यांकडे बघत होता.

दरवर्षी या दिवसांत इकडे सारस पक्ष्यांची मोजणी होते. हौशी माणसं दोघादोघांनी पहाटे तळ्याकाठी उभी राहतात आणि दिसेल तो पक्षी कागदावर नोंदवतात. सोनिकाची मैत्रीण ऐन वेळी तापानं फणफणली, म्हणून तिच्या जागी हा आला होता. संघदीप एवढं नाव सांगून झालं, त्यानंतर अर्धा तास अवाक्षर नाही.

"तीन लिहा," सोनिका कुजबुजली.

"दोनच दिसून राहिले."

"मागं गवत हललं. पिल्लू असणार."

"पाहिलं का?"

"हललं ना पण—"

"मग सध्या गवत लिहू," तो शांतपणे म्हणाला. "पिल्लू दिसलं की पिल्लू लिहू."

सोनिकाला राग आला. थर्मासच्या झाकणात चहा ओतला तेव्हा तिनं मुद्दाम त्याला विचारलं नाही. मग दोन घोट घेतल्यावर वाईट वाटलं आणि तेच झाकण तिनं पुढं केलं. त्यानंही ते घेतलं… आणि तेवढ्यात गवतातून एक तपकिरी मान वर आली. गेल्या साली जन्मलेलं पिल्लू बसलं होतं, ते उठून दोन मोठ्या राखाडी पक्ष्यांच्या मधोमध उभं राहिलं.

"आता तीन," तो म्हणाला. "तुमचं खरं होतं."

"मग आधीच का नाही मानलं?"

त्यानं झाकण परत दिलं. "आधीच मानलं असतं तर इतका वेळ थांबायला काय कारण होतं?"

सोनिकाच्या छातीत धस्स झालं. परतताना पाळीवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला संघदीपनं हात जोडून 'जय भीम' केला, तेव्हा पुन्हा एकदा झालं. गोरेगावात तिचे बाबा, मोहनलाल पटले, तिच्यासाठी स्थळं बघत होते, आणि ती सगळी आपल्याच पोवार समाजातली होती.

त्यात हा डॉक्टर निघाला गोंदियातल्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयातला, जिथं ती ग्रंथपाल होती.

"डॉ. संघदीप गजभिये?" नाव पूर्ण कळल्यावर ती म्हणाली. "चार पुस्तकं आहेत तुमच्याकडं. मार्चपासून."

"आणून देतो ना," तो म्हणाला. "पण चारही एकदम नाही आणणार."

आणि खरोखर तो एकेक पुस्तक घेऊन येत राहिला. एक द्यायचा, दुसरं न्यायचा. ग्रंथालयातले जुने शिपाई केशोराव ते बघत आणि मिशीत हसत.

"काऊन जी डॉक्टर, आज पुन्हा?"

"वाचून झालं, केशोराव."

"पाने तर चिकटलेलीच दिसून राहिली."

सोनिका मान खाली घालून शिक्का मारायची. शिक्का तारखेच्या चौकोनाबाहेर पडायचा.

सप्टेंबरात मात्र हसण्याचे दिवस संपले. डीन मॅडमनी तिला बोलावून सहा नावांची यादी दिली. सहा तरुण डॉक्टरांचे करार संपत होते. ज्यांचं संशोधन पुरेसं असेल ते राहणार होते, बाकीच्यांनी जायचं होतं. किती पुरेसं, ते मोजून तक्ता करायचं काम सोनिकाचं. यादीत चौथं नाव संघदीपचं होतं.

हे मोजणं काय असतं, ते नीट समजून घेऊ. संशोधक आपलं काम लेख लिहून जर्नलमध्ये छापतो. पुढं दुसऱ्या कुणी त्या कामाचा आधार घेतला, की तो आपल्या लेखात पहिल्याचा उल्लेख करतो. 'हे गणित मला ताईनं शिकवलं' असं आपण शाळेत सांगतो ना, तसंच ते. किती लेख छापले, कुणाकुणाबरोबर लिहिले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हे सगळं मोजलं जातं.

"या डॉक्टरांचा आकडा पाच," सोनिकानं यादीतलं एक नाव दाखवून केशोरावांना समजावलं. "म्हणजे यांच्या पाच लेखांचा प्रत्येकी निदान पाच वेळा उल्लेख झालाय. सहा व्हायला तसे सहा लेख लागतात, सहा-सहा उल्लेखांचे."

"म्हंजे माणूस चांगला हाये का नाही, ते यात येते का?"

"नाही येत."

"मग कायले मोजून राहिल्या?"

सोनिकानं यादी पुन्हा पुढं ओढली.

तिनं नकाशेही काढले. प्रत्येक माणूस एक ठिपका, दोघांनी मिळून लिहिलं की मध्ये रेघ. इतर पाच जणांच्या रेघा नागपूर, दिल्लीपर्यंत पोचल्या होत्या. संघदीपच्या रेघा मात्र दरेकसा आणि चिचगडच्या जंगलात शिरत होत्या. तिथली एक परिचारिका, रक्त तपासणारा एक तंत्रज्ञ आणि दरेकशाची आशा कार्यकर्ती अन्नपूर्णाबाई, असे त्याचे सोबती.

नऊ लेख, एकशे एकोणीस उल्लेख. त्यातले एकसष्ट एकट्या दरेकशाच्या लेखाचे. विषय होता सिकलसेल. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मुलं कळांनी तळमळतात. आकडे चांगले होते. सोनिकाचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तिनं नियमाची शेवटची ओळ वाचली. लेखकांच्या यादीत डॉक्टरचं नाव पहिलं आहे, असे निदान चार लेख हवेत.

तिनं मोजले. तीन.

पुन्हा मोजले. तीनच.

दरेकशाच्या लेखावर पहिलं नाव अन्नपूर्णाबाईचं होतं, संघदीपचं दुसरं. एकदा तिनं सहज विचारल्यासारखं त्याला विचारलं होतं, हे असं का?

"तीन वर्षं घरोघरी फिरून कोणत्या पोराले कोणत्या दिवशी कळा आल्या, ते त्या बाईनं वहीत लिहून ठेवलं," तो म्हणाला होता. "थंडीच्या पहिल्या आठवड्यातच काऊन जास्त दुखते, हा प्रश्नही तिचाच. मी फक्त इंग्रजी लिहिलं."

गुरुवारी दुपारी सोनिका संगणकापुढं एकटी बसली होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता समितीची बैठक होती. तिनं केलेला तक्ता दुसरं कुणी तपासणार नाही, हे तिला ठाऊक होतं. दोन नावांची अदलाबदल, एवढंच. तिनं दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं. अन्नपूर्णाबाईचं नाव खाली सरकलं, संघदीपचं वर आलं, आणि तीनचे चार झाले.

तक्ता छापून पाकिटात घालून तिनं डीनच्या कार्यालयात दिला. त्यानंतर जिन्यात बूट वाजले की ती दाराकडं बघायची. फोन वाजला की उचलायच्या आधी दोनदा नंबर बघायची. पकडले गेलो तर नोकरी जाईल. आणि नाही पकडले गेलो तर? तर रोज त्याच्या डोळ्यांत बघावं लागेल… याची भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

शुक्रवारी अकरा वाजता संघदीप आला तो एकटा नव्हता. सोबत निळ्या काठाची साडी नेसलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली पन्नाशीची बाई होती.

"या अन्नपूर्णाबाई," तो आनंदानं म्हणाला. "रक्ताचे नमुने घेऊन आल्या. म्हटलं, मॅडमनं मोजलेलं तुम्हाले दाखवतो."

"माह्या पोरीले सांगाचं हाये जी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "का माहं नाव पहिलं हाये म्हनून. ते पोरगी खोटं समजते."

तक्त्याची प्रत टेबलावरच होती. सोनिकानं ती झाकायला हात पुढं केला, पण अन्नपूर्णाबाईंचं बोट आधी पोचलं. ओळीवरून सावकाश सरकत गेलं आणि थांबलं.

"इथं तर दुसऱ्या नंबरावर हाये," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "राहू द्या जी. चुकून झालं असन."

संघदीपनं कागद उचलला. वाचला. मग सोनिकाकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

"चुकून झालं का?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. सोनिकानं ती घेतली नाही. "नाही. चार लागतात… तीनच होते."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही."

"गवत हललं म्हणून पिल्लू लिहिलं तुम्ही," तो अगदी हळू म्हणाला. "आणि तेही यांचं नाव खाली ढकलून."

तो अन्नपूर्णाबाईंना घेऊन निघून गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते अलगद बंद झालं.

सोनिका किती वेळ तशीच बसली होती कोण जाणे. घड्याळात अडीच वाजले तेव्हा तिनं तक्ता उघडला, नावं जागच्या जागी ठेवली आणि खाली एक ओळ लिहिली: 'डॉ. गजभिये यांच्या सर्वाधिक उल्लेख झालेल्या लेखात त्यांचे नाव दुसरे आहे, कारण मूळ प्रश्न आणि तीन वर्षांच्या नोंदी पहिल्या लेखिकेच्या आहेत.' नवा कागद घेऊन ती जिना चढली. बावीस पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर तिला परत फिरावंसं वाटलं.

"कालच्या तक्त्यात चूक आहे, मॅडम."

"कुणाची?"

"माझी. जाणूनबुजून केलेली."

डीन मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "लेखी ताकीद मिळेल तुम्हाला. आणि या डॉक्टरचा करार संपेल, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तसंच झालं. समितीनं तीन मोजले. सोनिकानं लिहिलेली ओळ कुणी वाचली असेल, नसेल… तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

पंधरा दिवस संघदीप ग्रंथालयात फिरकला नाही. उरलेली पुस्तकं त्यानं दुसऱ्याच कुणाच्या हाती पाठवली, सगळी एकदम. सोनिकानं शिक्के मारले. या वेळी ते नेमके चौकोनात पडले, आणि तिला रडू आलं.

महिनाअखेरीला ती कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ झटकत होती. केशोराव शेजारी येऊन उभे राहिले.

"डॉक्टर दरेकशाच्या दवाखान्यात लागले म्हंते. दुपारच्या पॅसेंजरनं जाऊन राहिले. अन् तुम्ही धूड झटकून राहिल्या."

तिनं आणखी एक पुस्तक झटकलं.

"जा वो बाई. ताकीद मिळाली तं मी घेतो."

गोंदिया स्टेशनावर पाऊस नुकताच थांबला होता. पत्र्यावरून थेंब ठिबकत होते. डोंगरगडकडं जाणारी गाडी अजून लागायची होती. संघदीप बाकावर बसला होता, हातात चहाचा कागदी कप. तिला पाहून तो उठला नाही, पण शेजारची पिशवी त्यानं उचलून खाली ठेवली.

ती बसली. "राग आहे अजून?"

"आहे. थोडा." त्यानं कपात पाहिलं. "जिना चढून गेल्या तुम्ही, ते केशोरावांनी सांगितलं. अन्नपूर्णाबाई म्हणे, पोरगी भित्री हाये पण खोटी नाही."

"भित्री तर आहेच," सोनिका म्हणाली. "तुम्ही जाल म्हणून भ्याले होते. म्हणून ते केलं."

"माझ्या जाण्याची भीती… हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? नुसतं गवत हलत होतं."

तो हसला. पंधरा दिवसांनी तिनं ते हसू पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि आता?" त्यानं विचारलं.

"आता दिसलं." तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला. "तुम्हाला?"

"मला जूनमध्येच दिसलं होतं. मी नोंदवलं नाही, एवढंच."

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. बाकावर दोघांच्या मध्ये वीतभर जागा होती. ती कुणी कमी केली कळलं नाही, पण गाडी फलाटाला लागली तेव्हा ती उरली नव्हती.

"रविवारी गोरेगावले येतो," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना भेटाले."

त्याच्या तोंडचं 'तुझ्या' ऐकून ती सुखावली, आणि पुढचं ऐकून गार पडली. "ते नाही म्हणतील. समाज काढतील. तुम्हाला बसासुद्धा म्हणणार नाहीत."

"मग उभ्यानं ऐकीन. अन् पुढच्या रविवारी पुन्हा येईन."

"तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही का हो?"

हातातला कप त्यानं तिच्यापुढं धरला. कप थरथरत होता आणि चहा काठावरून त्याच्या बोटांवर सांडत होता.

"सकाळपासून असंच होऊन राहिलं," तो म्हणाला.

आजवर सोनिका एकटीच घाबरत होती. आता घाबरणारे दोघं झाले होते, आणि हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं त्याच्या हातून कप घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.