ड्रायव्हर सीटवरचा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टर उडवत आलोय. त्यामुळे कोणी मला थापाड्या म्हणालं तर राग येणार नाही. पण हे घडलंय. माझ्याच गॅरेजमध्ये, आणि रात्री नाही, भर दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं.

गॅरेज माझं आणि दादाचं. घाटाच्या पायथ्याशी, वस्तीपासून लांब. गाड्यांच्या वायरिंगचं काम आम्ही दोघंच करतो.

त्या दुपारी दादा घाटापलीकडच्या हॉस्पिटलमध्ये होता. पोटात रक्तस्राव. वहिनीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलवतही नव्हतं. दादाचा रक्तगट दुर्मिळ. हॉस्पिटलमध्ये तो शिल्लक नव्हता, आणि घरात फक्त माझा जुळत होता.

"भाऊजी, संध्याकाळच्या आत या," ती म्हणाली. "डॉक्टर पुढचं काही बोलतच नाहीयेत."

वाहनचालकांचा संप होता. बस नाही, टॅक्सी नाही. ओळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले. चालू अवस्थेतली एकच गाडी हाताशी होती, दादाची जुनी डिझेल. ती घेऊन निघालो आणि पहिल्याच मोठ्या चढाला तिने मान टाकली. टर्बो बंद. इंजिनात जादा हवा कोंबणारी ही वस्तू कामाला आली नाही, की आमची ती गाडी म्हणजे नुसता डबा. पहिल्या गिअरमध्येही चढेना, उलट मागे घरंगळायला लागली. कशीबशी वळवून परत आणली.

पुढचा बंपर उतरवला. पाइप तपासले, हवा कुठेच गळत नव्हती. हवेचा दाब मोजणारा सेन्सर बदलला, तरी तेच. सेन्सरला वीज पोचत होती, पण त्याचा सिग्नल मध्येच तुटत होता. म्हणजे वायर आतून तुटत आलेली आणि वरचं प्लास्टिक शाबूत. असला फॉल्ट डोळ्यांना दिसत नाही.

यावर आमची एक पद्धत आहे. इंजिन चालू ठेवायचं. मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरून वायर थोडी थोडी हलवत पुढे सरकायचं. दादाने ड्रायव्हर सीटवर बसून सिग्नल दाखवणारा मीटर बघायचा. सिग्नल तुटला की त्याने हॉर्न वाजवायचा, कारण इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. हे दोघांचं काम आहे.

मी एकट्याने करून पाहिलं. वायर हलवायची, धावत वर यायचं, मीटर बघायचा. तोवर सिग्नल परत आलेला असायचा. शेवटी आरसा लावून पाहिला. त्यात मीटरऐवजी माझंच तोंड दिसत होतं, रडकं.

वहिनीचा पुन्हा फोन आला. दादाची शुद्ध हरपली होती.

तिथे माझा धीर सुटला. खड्ड्यात उभा राहून मी ओरडलो, "कोणीही या, पण त्या सीटवर बसा. माझा दादा हातचा जातोय."

ऐकायला होतंच कोण? शटर सताड उघडं आणि समोरचा रस्ता रिकामा.

मी पुन्हा वायर हातात घेतली...

आणि डोक्यावर गाडी किंचित खाली दबली. आत कोणी बसलं की दबते तशी.

दार उघडल्याचा आवाज नाही. लावल्याचाही नाही.

मी जागच्या जागी थिजलो. मग हात आपोआपच पुढे सरकला. एक वीत... काही नाही. आणखी एक वीत...

हॉर्न वाजला.

वाटलं, दादा गेला आणि इथे आला. मला रडूच फुटलं. वायर सोडली, हॉर्न थांबला. वाकवली, पुन्हा वाजला. फॉल्ट सापडत होता आणि दादा गेल्याची खात्री पटत होती. तरी मी वायर सोलली. आत तांब्याची एकच बारीक तार धरून होती. रडत रडत जोड दिला, टेप गुंडाळली.

वर आलो. सीट रिकामी होती.

वहिनीला फोन लावला.

"आहेत अजून," ती म्हणाली. "तुम्ही निघालात का?"

दादा जिवंत होता. मग बंपर उचलायला टेबलाकडे वळलो...

हॉर्न टेबलावर पडला होता. तो बंपरच्या मागे बसवलेला असतो; बंपर उतरवताना मीच तो सोडवून तिथे ठेवला होता.

विचार करत बसायला वेळ नव्हता. बंपर तसाच टाकून मी गाडीत शिरलो, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागे सरकवलेली. दादा तर माझ्यापेक्षा बुटका आहे.

खटका ओढला. सीट जागची हलेना. अख्खा घाट मी सीटच्या कडेवर बसून चालवला. टर्बोने कुठेही दगा दिला नाही. पाठीमागे सीट उबदार लागत होती... मी टेकलो नाही.

रक्त दिलं. दादा वाचला.

बऱ्याच दिवसांनी तो गॅरेजमध्ये आला. यातलं अवाक्षरही मी कोणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. त्याने हौसेने आपल्या गाडीचं दार उघडलं... आणि तसाच उभा राहिला. मग आवाज न करता दार लावलं.

"कोण आहे रे हा?" त्याने मला हळूच विचारलं. "उतरायला सांग त्याला."

मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

गाडी अजून तिथेच उभी आहे. दादा ठणठणीत आहे, पण त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. अधूनमधून विचारतो, सांगितलंस का म्हणून. मी विषय बदलतो. एकदा मनाचा हिय्या करून दारापर्यंत गेलोही होतो. पण दादासाठी ज्याला मी बोलावलं, त्याला जा म्हणायला जीभ रेटेना. तो उतरला तर एकटाच जाईल, याची मला खात्री नाही.