रिकाम्या पोटी

वसंता पुण्याहून जालन्याला आला होता तो एवढ्याच कामासाठी, आबांची तपासणी उरकायची आणि परत. तशी साधीच हो. तोंडातून नळी पोटात जाते, नळीच्या टोकाला सोनोग्राफी, आणि पडद्यावर बघत बघत डॉक्टर लांब सुईने स्वादुपिंडातल्या गाठीचा तुकडा काढतात. गाठ कॅन्सरची की टीबीची, ते त्यावरच कळणार होतं, आणि तोवर औषधच सुरू होत नव्हतं. मशीनवाले डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे. पोट तेवढं रिकामं हवं.

पण याआधीच्या दोन्ही खेपांना नळी आत गेली आणि पडद्यावर काय, तर बाजरीची भाकरी अन् घोळाची भाजी! डॉक्टरांनी सुई न घालताच नळी काढली, आणि झापलं कुणाला? वसंताला. पण कुंभार पिंपळगावला आबा एकटेच, त्या घरात चूल पेटवणारं होतं कोण? माय, आसराबाई, जाऊन वर्ष होत आलं होतं.

शेवटी आबाच हळूच म्हणाले, "तुझी माय येती रे... उपाशी निजू देत न्हाई. तिला नको कसं म्हनू?"

वसंताला राग यायला हवा होता. आला हेवा. माय गेली तेव्हा तो पुण्यात, पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. आबांकडे येते, मग माझ्याकडे का नाही?

तिसऱ्या खेपेला त्याने आबांना आदल्या दिवशीच दवाखान्यात आणलं. खोलीला आतून कडी लावली, आपली खाट दाराला टेकवली. आबांना सोबत म्हणून स्वतःही काही खाल्लं नाही. पहाटे जरा डोळा लागला, तेव्हा फिनाईलच्या वासात चुलीचा धूर मिसळल्यासारखा वाटला, बस्स. उठून बघतो तर कडी जागच्या जागी.

सकाळी पडद्यावर पोट लख्ख. सुई गाठीत गेली, तुकडा बाटलीत पडला. सुटलो, असं वाटलं त्याला.

गुंगी उतरल्यावर आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "न्हाई आली... तू आडवलंस तिला."

वसंता जवळ जाऊन बसला. सिस्टरने चहा-बिस्किटं पुढे केली, कालपासून उपाशी आहात म्हणाली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, भूकच नाही. पोट तुडुंब भरलंय. आणि जिभेवर लसूण, निखाऱ्यावर फुगलेली भाकरी...

आबांनी मान वळवली, खोल श्वास घेतला.

"वसंता... कुठं जेवलास तू?"

वसंताने ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं तर चव जाईल, असं वाटलं त्याला.