तिनं न लिहिलेलं परीक्षण

दुकानाची एक अख्खी भिंत टीव्हींनी भरलेली होती, आणि लहानमोठ्या सगळ्या पडद्यांवर एकच नायिका एकाच वेळी रडत होती.

"चित्र बघा मॅडम," विक्रेता म्हणाला. "अश्रूसुद्धा कसा स्पष्ट दिसतो!"

"अश्रू दिसतो, त्याचं कारण दिसत नाही," ती म्हणाली. "चार भाग झाले, ही बाई रडतेय. का रडतेय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही. संवाद तर असे, की कुणाच्या तरी माळ्यावरून काढले आणि धूळ झटकून वापरले."

मागे कोणीतरी खोकलं. चष्म्याच्या काडीत पेन खोचलेला एक उंच माणूस हातात रिमोट घेऊन उभा होता.

"धूळ झटकली होती, एवढं तरी मान्य केलंत. आभारी आहे."

"तुम्ही कोण?"

"लिहिणारा."

विक्रेत्यानं जीभ चावली. दुसरी कोणी असती तर तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. हिला तसलं काही झालं नाही. वर्तमानपत्रात दर शुक्रवारी नव्या मालिकांची परीक्षणं ती लिहायची. कचेरीत तिला 'करवत' म्हणत, आणि हे नाव तिला आपल्या पदवीपेक्षा प्रिय होतं. छापलेला शब्द तिनं कधी मागे घेतला नव्हता, मग बोललेला कशाला घेईल?

"मग इथे काय करताय?" ती म्हणाली. "घरी जा आणि त्या बिचारीला रडायला काहीतरी कारण द्या."

"आईसाठी मोठा टीव्ही घेतोय. जुन्यावर माझं नाव वाचता येत नाही म्हणते."

"लहानच घ्या. अजून काही वर्षं तरी."

तो हसला, मान मागे टाकून, चांगला खळखळून. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिनं कापलेली माणसं एकतर दातओठ खायची, नाहीतर गोड बोलायला यायची. हसलेलं कोणी तिच्या पाहण्यात नव्हतं. तिचा हात उगाचच केसांकडे गेला... आणि तिला त्या हाताचा राग आला.

शुक्रवारी परीक्षण छापून आलं. दुकानात बोलली होती त्याहून एक शब्दही मवाळ नव्हता. पुढच्या महिन्यात मालिका बंद पडली, आणि त्याच दिवशी कचेरीत तिच्यासाठी फोन आला.

"तुमच्या लेखातलं निम्मं पटलं, निम्मं नाही. भांडायला येता का?"

"मी मालिकावाल्यांना भेटत नाही."

"मालिका बंद पडली. सध्या मी कुठलाच वाला नाही."

तिच्या नियमातली ही फट आजवर कोणी शोधली नव्हती. म्हणून ती गेली.

कचेरीखालच्या कॉफीच्या दुकानात ते भांडले. मग दर आठवड्याला भांडायला लागले. ती एखाद्या नव्या मालिकेची हाडं मोजून टेबलावर मांडायची, तो त्यातलं एखादं उचलून म्हणायचा, "हे मात्र चांगलं होतं." कधी तो म्हणायचा ते खरंही असायचं. उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर आली की बोलणं न थांबवता तो खुर्ची सरकवून मध्ये बसायचा. आपण हे केलं हे त्याला कळायचंही नाही. तिला मात्र कळायचं.

एकदा तो घरी आला, तेव्हा तिच्या मावशीनं दारातच कमरेवर हात ठेवले. "माझी मालिका बंद पाडलीस, आणि लेखक घरी घेऊन आलीस?"

"मावशी, ती मालिका रद्दी होती."

"असू दे. माझी होती!" मग मावशी त्याच्याकडे वळली. "बाळ, बस. आणि आधी सांग, ती का रडत होती रे?"

"ते आम्ही पाचव्या महिन्यात सांगणार होतो," तो खाली मान घालून म्हणाला. त्या दिवशी मावशी आणि भाची प्रथमच एका बाजूनं हसल्या.

मग त्याला नवी मालिका लिहायला मिळाली. कशावर आहे ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पण तेव्हापासून त्याचं काहीतरी बिनसलं. बोलता बोलता तो एकदम थांबायचा, तिच्याकडे बघायचा, आणि चमच्याशी खेळायला लागायचा. एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता, एका छत्रीत दोघं, तिची बाही त्याच्या बाहीला लागलेली...

"मला तुम्हाला एक—" तो म्हणाला.

"काय?"

"—कॉफी घेऊ या का अजून एक?"

दृश्य जिथे सुरू व्हायला हवं, नेमकी तिथेच हा माणूस जाहिरात लावतो, तिच्या मनात आलं. आपण होऊन विचारायला तिची मान वाकेना.

मालिका सुरू होण्याआधी वाहिनी पहिले चार भाग समीक्षकांना पाठवत असे. त्याचे चार भाग आले. कचेरीच्या मागच्या छोट्या खोलीत बसून तिनं ते सलग पाहिले आणि लिहायला घेतलं. वाक्यं झरझर सुचत होती. तरी हात चालेना. तराजूच्या पारड्यावर स्वतःचंच बोट टेकलेलं असावं, तसं वाटत होतं. माप कदाचित बरोबरही असेल. पण ते बरोबर आहे असं सांगायचा हक्क तिला उरला नव्हता.

ती उठून संपादकबाईंकडे गेली.

"मी हे लिहिणार नाही. लेखक ओळखीचा आहे."

"ओळखीचे सगळेच असतात गं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आपल्या माणसावर लिहायचं नाही, एवढाच आपला नियम. कॉफी पिण्याला कोणी नातं म्हणत नाही."

"नातं आहे."

"काय?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"मग लिही."

"माझ्या बाजूनं ठरलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"अगं बाई! प्रेमात पडलीस, आणि पहिलं कळवलंस ते मला?"

"नियम तसा आहे," ती म्हणाली. कान तापले होते, पण मान ताठ होती.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. "तुला नोकरी दिली तेव्हा सगळे म्हणाले होते, फार तिखट आहे, झेपायची नाही. त्यांना आज इथे उभं करायला हवं होतं." मग त्यांनी खसकन कागद ओढला. "क्रीडा पानवाल्याला देते. देव त्या लेखकाचं भलं करो."

शुक्रवारी सकाळी तो कचेरीच्या जिन्यात उभा होता, हातात वर्तमानपत्राची सुरळी.

"'लेखकानं पहिल्या डावात संथ खेळ केला, पण अखेरच्या षटकांत धावगती वाढवली,'" त्यानं वाचून दाखवलं. "हे काय आहे?"

"स्तुती आहे. नीट वाचा."

"मला स्तुती नको होती! एकेक संवाद लिहिला की स्वतःला विचारायचो, करवत यावर काय म्हणेल? तीनतीनदा फाडून लिहिलंय. सगळ्या जगात एका माणसाचं मत हवं होतं, आणि तुम्ही ते क्रिकेटवाल्याकडे दिलंत!" त्याचा आवाज पडला. "एवढी वाईट होती?"

"वाईट असती तरी मला लिहिता आलं नसतं."

"का?"

तिनं कठडा घट्ट धरला. "आपल्या माणसावर लिहायचं नाही, असा नियम आहे."

"आपल्या...?"

"हो."

तो मटकन पायरीवर बसला. मग त्यानं कपाळाला हात लावला आणि हसायला लागला.

"म्हणजे मी इतके दिवस तोंड दाबून बसलो, ते कशासाठी? बोललो असतो तर तू लिहू शकली नसतीस! मालिका मिळाली त्या दिवसापासून जीभ चावून बसलोय. तुझं परीक्षण आलं की त्याच संध्याकाळी सांगणार होतो."

"आणि मी चिरफाड केली असती तर?"

"तरी सांगितलं असतं. आधी दोन दिवस रुसलो असतो."

त्यानं तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. खांद्याला खांदा लागला, कोणीच सरकलं नाही.

"तोंडी सांगते. एकदाच," ती म्हणाली. "तिसरा भाग मरगळलेला आहे. ती वकिलाची बायको कशाला आहे? काढून टाकली तर कोणाला पत्ताही लागणार नाही."

"निर्मात्याची मेव्हणी आहे ती."

"मग पत्ता लागेल."

"पुढे?" तो हळूच म्हणाला.

"चौथ्या भागात..." ती थांबली. "त्या दोघी बहिणी. वर्षानुवर्षं अबोला, आणि लाँड्री मात्र एकत्र चालवायची. त्या चादरीची घडी घालतात. घालायची तर जवळ यावंच लागतं. हाताला हात लागतो, आणि धाकटी कोपरा सोडत नाही. कोणी रडत नाही. कोणी बोलत नाही. मी तिथे थांबवलं आणि पुन्हा पाहिलं. खोलीत एकटीच होते, तरी आपोआप ताठ बसले. वाटलं, दार उघडावं, सगळ्या कचेरीला हाका माराव्यात आणि सांगावं... हे माझ्या माणसानं लिहिलंय."

त्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. खालून कोणीतरी जिना चढत येत होतं. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि तसाच राहू दिला.

"हे सगळ्यांना सांगू?" त्यानं विचारलं.

"खुशाल सांग," ती म्हणाली. "पण तिसऱ्या भागाचंही सांगायचं."