राणी कोण ठरवतं?

आत्याआजीने मधपेटीला कान लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"ऊर्मे, इकडे ये. ऐक बरं, रोजच्यासारखाच आवाज आहे का?"

ऊर्मीने गुडघे टेकून लाकडी पेटीला कान भिडवला. एरवी आतून संथ, एकसुरी गुणगुण यायची. आज तो सूर मोडला होता. तो चढायचा, विरायचा, पुन्हा कळवळून चढायचा. आत हजारो जणी एकदम काहीतरी शोधत आहेत आणि ते काही केल्या सापडत नाही, असं वाटत होतं. पण नुसत्या आवाजावरून काय बिनसलंय हे ओळखायचं तरी कसं?

"राणी गेली," आत्याआजी म्हणाली.

आत्याआजी म्हणजे ऊर्मीच्या बाबांची आत्या, डॉक्टर सुभद्राबाई. जन्म कीटकांच्या अभ्यासात घालवलेला, देशोदेशीच्या प्रयोगशाळा पालथ्या घातलेल्या, आणि म्हातारपणी मुक्काम पुन्हा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आपल्या कारवंडी गावात. बाईंची जीभ तिखट, पण हात असा हलका की माशी बोटावर बसली तरी बिचारीला कळायचं नाही की आपण माणसावर बसलोय.

कारवंडी आता पूर्वीची राहिली नव्हती. उतारावर शतावरी, अडुळसा आणि गुळवेलीचे वाफे होते, त्यांना कधी किती पाणी द्यायचं ते यंत्रं ठरवत, आणि वाळवलेली औषधी मुळं दर आठवड्याला उडत्या गाड्यांतून खाली साताऱ्याला जात. गेल्या वर्षी मात्र मधमाश्यांवर कसलीशी साथ आली आणि गावातल्या पेट्या एकामागून एक गप्प झाल्या. सातेरी या देशी जातीच्या माश्यांची ही एकच पेटी वाचली. आत्याआजीने ती ऊर्मीच्या हवाली केली होती. "आजपासून ही तुझी. जगली तर तुझी, मेली तर तुझीच," असं सांगून.

त्यात यंदाचं वर्ष कारवीचं! कारवीचं झुडूप सात-आठ वर्षं नुसतं हिरवं राहतं, मग एकदाच डोंगरच्या डोंगर जांभळा करून फुलतं, बी धरतं आणि मरतं. माश्या नसल्या तर बी कुठून धरणार? फुलायला दीड-दोन महिने उरले होते, आणि पेटीत राणी नव्हती.

"काल पेटी कुणी उघडली होती?" आत्याआजीने विचारलं.

ऊर्मी उठून उभी राहिली. "मी. पावसाने माश्या मरगळल्या होत्या गं. म्हटलं, घरी आई आपल्याला मधात अश्वगंधेचं चूर्ण कालवून देते ना, शक्ती यावी म्हणून. तसं यांनाही द्यावं. साखरेच्या पाकात घातलं आणि वाटी ठेवायला मेणाचं पोळं बांधलेली एक चौकट उचलली. तेवढ्यात सर आली. घाईघाईत चौकट खाली ठेवली..."

आत्याआजीने हळूच झाकण काढलं. तळाशी, चौकटीच्या कडेला, चेपलेली लांबट राणी पडली होती. तिच्याभोवती काही माश्या अजून गोळा होऊन तिला चाटत होत्या. ते पाहिल्यावर ऊर्मीला हुंदका आवरेना.

"मधमाशीला मधाबरोबर औषध! माशी काय सर्दी होऊन तुझ्या आईकडे आली होती?" आत्याआजी करवादली. मग तिने ऊर्मीच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस. घाई वाईट होती, मन वाईट नव्हतं. आता पुढचं बघू."

"नवीन राणी आणू या का कुठून तरी?"

"आणली तरी या माश्या परक्या राणीला घरात घेतील असं नाही. त्यांची त्यांनी केली, तर खरी."

"केली? राणी करतात?" ऊर्मीने डोळे पुसले. "राणी तर राणीच्या पोटी जन्मते ना?"

आत्याआजी हसली. "चल, ठिपक्याला उठव."

ठिपका म्हणजे आत्याआजीने बनवलेला यंत्रमाशा. आकार खऱ्या माशीएवढा, अंगावर बारीक लव, डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे. त्याला जे दिसे ते ऊर्मीच्या चष्म्यात दिसे आणि त्याचा आवाज तिच्या कानात येई. आत सोडण्याआधी त्याला या पेटीतल्या मेणावर लोळवावं लागे. प्रत्येक पेटीचा आपला एक वास असतो, आणि ज्याला तो नाही त्याला दारावरच्या पहारेकरणी आत सोडत नाहीत.

ऊर्मीने चष्मा चढवला आणि एकदम मागे सरकली. समोर म्हशीच्या डोक्याएवढं माशीचं तोंड होतं! तिच्या शृंगिका (डोक्यावरच्या दोन वास घेणाऱ्या मिशा) ठिपक्याच्या अंगावरून फिरल्या. पहारेकरीण क्षणभर थांबली आणि बाजूला झाली.

"प्रवेश मिळाला," ठिपका गंभीरपणे म्हणाला. "माझा वास चांगला आहे."

आत काळोख होता. ठिपक्याने आपला लाल दिवा लावला. माश्यांना लाल रंग दिसत नाही, म्हणून त्यांच्या लेखी काळोख तसाच राहिला. ऊर्मीला मात्र सगळं दिसलं. तिच्या पुढ्यात मेणाची एक प्रचंड भिंत उभी होती, वर नजर पोचत नव्हती आणि खालचा तळ दिसत नव्हता. भिंतभर सहाकोनी खोल्या, एकीला लागून एक, कुठे केसभर चूक नाही. ही भिंत कुणी आखली नव्हती, कुणी मोजली नव्हती. पोटातून निघालेलं मेण चावून चावून, अंधारात, एकमेकींना धरून त्यांनी ती उभारली होती.

"आत्याआजी, केवढं आहे हे!" ती पुटपुटली.

"आता खोल्यांत डोकाव."

पहिल्या खोलीत तळाशी एक पांढरं, बारीक अंडं उभं होतं. पुढच्या खोलीत अंड्यातून निघालेली चिमुकली अळी दुधासारख्या थेंबात वेटोळं करून पडली होती. त्यापुढच्या अळ्या मोठ्या होत्या आणि त्यांना माश्या काहीतरी पिवळसर भरवत होत्या.

"ही सगळी एकाच आईची लेकरं," आत्याआजी सांगू लागली. "राणीने मरण्याआधी घातलेली. यातली जवळजवळ प्रत्येक मुलगी कामकरी होणार. महिना-दोन महिने राबेल आणि मरेल, सहसा एकही अंडं न घालता. राणी मात्र दोन-तीन वर्षं जगते, दिवसाला शेकडो अंडी घालते. आता सांग, राणी ज्या अंड्यातून येते ते अंडं कसं असेल?"

"मोठं? सोनेरी?"

"छे! अगदी या अंड्यांसारखंच, तसूभर फरक नाही."

ऊर्मीने चष्मा कपाळावर सरकवला. "असं कसं असेल?"

"प्रत्येक पेशीत (शरीराच्या अगदी लहान घटकात) एक लांबलचक धागा असतो. शरीर कसं बांधायचं याच्या सूचना त्यावर असतात. एकेका सूचनेला जनुक म्हणतात. आपल्या घरात किती दिवे आहेत, पण सगळे एकदम लावतो का आपण? देवघरातला लावला की एक उजेड, ओसरीवरचा लावला की दुसरा. घर तेच, तारा त्याच. कामकरीच्या अंगात राणी होण्याच्या सगळ्या सूचना असतात. फक्त त्यांची बटणं बंद राहतात."

"आणि ती लावतं कोण?"

"जेवण."

आत्याआजीने उलगडून सांगितलं. ते दुधासारखं अन्न म्हणजे राजान्न. दाईचं काम करणाऱ्या तरुण माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधून (रस तयार करणाऱ्या पिशव्यांमधून) ते पाझरतं. सुरुवातीला सगळ्याच अळ्यांना तसलं दूध मिळतं. तीनेक दिवसांनी कामकरी होणाऱ्या अळीच्या जेवणात मध आणि परागकण (फुलांतली पिवळी भुकटी) येऊ लागतात. राणी होणारी मात्र शेवटपर्यंत राजान्नावरच वाढते.

"म्हणजे दुकानात रॉयल जेलीची डबी मिळते ती हीच ना? मग मी खाल्ली तर मीही..."

"तू खाल्लीस तर ती तुझ्या पोटात पचेल, बाकीच्या जेवणासारखी. माणसाला त्याने राणीसारखं बळ येतं, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, डबीवर काही का छापलेलं असेना. मधाने तरतरी येते, कारण त्यात साखर आहे. खोकल्यात घशालाही बरं वाटतं. जे खरं आहे तेवढंच म्हणावं. आता खरी गंमत ऐक. राणीला काय मिळतं हे सगळेच सांगतात. तिला काय मिळत नाही?"

ऊर्मीने विचार केला. "मध आणि पराग."

"शाब्बास! झाडं आपल्या रक्षणासाठी नाना रसायनं बनवतात. तुझी अश्वगंधाही तेच करते, तिच्या मुळीतली रसायनं तिने तुझ्यासाठी बनवलेली नाहीत. आपल्या अंगात गेल्यावर ती कुठलं तरी बटण दाबतात, म्हणून आपण त्यांना औषध म्हणतो. तशी काही रसायनं परागातही उतरतात. ती खाल्लेल्या अळीची अंडी घालायची इंद्रियं खुरटतात, असं प्रयोगांत दिसलंय. राजान्न राणी घडवतं हे खरं, पण झाडाची रसायनं तिच्या वाट्याला येत नाहीत, हाही त्यातला भाग आहे."

तेवढ्यात ठिपका कानात बोलला. "एका खोलीचं बांधकाम सुरू आहे. परवानगी घेतलेली दिसत नाही."

ऊर्मीने झटकन चष्मा लावला. भिंतीच्या मधोमध काही माश्या एका खोलीच्या कडा कुरतडून रुंद करत होत्या. आतली अळी इतकी लहान होती की दिसता दिसेना. तिच्याभोवती दुधाचा थेंब वाढत गेला, वाढत गेला, आणि ती त्यात तरंगू लागली. एक दाई डोकं घालून बाहेर यायची, की दुसरी आत जायची. राणी गेल्याला अजून दिवसही झाला नव्हता, आणि त्या रडतारडताच नवी राणी घडवायला लागल्या होत्या. ऊर्मीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ठिपक्याकडून आणखी चार खोल्यांत दूध टाकू या? एक फसली तर?"

"काल मदतच केली होतीस ना?" आत्याआजी म्हणाली. त्या दिवसापासून ऊर्मीने पेटीला हात लावला नाही. आयुष्यात इतकं अवघड काम तिने कधी केलं नव्हतं.

माश्यांनी त्याच भिंतीवर आणखी दोन-तीन खोल्या वाढवल्या. भुईमुगाच्या शेंगेसारख्या त्या खाली लोंबू लागल्या, मग मेणाने बंद झाल्या. पंधरवडा सरत आला तेव्हा एके सकाळी पेटीतून बारीक पिपाणीसारखा सूर आला. पहिली शेंग टोकाला उघडली आणि लांब पोटाची, तकतकीत राणी बाहेर आली. ऊर्मी टाळ्या पिटणार, तोच आत्याआजीने तिचा हात धरला.

"अजून नाही. तिला एकदा बाहेर उडून जावं लागेल. वरच्या देवराईतल्या रानपोळ्यांतल्या नरांशी मिलन झालं, तरच तिच्या अंड्यांतून कामकरी निघतील. बाकीच्या शेंगांतल्या राण्यांना तर त्या बाहेर येण्याआधीच ही मारून टाकेल. मग ही परत आली नाही, तर या पेटीत दुसरी राणी करायला लहान अळी उरलेली नाही."

काही दिवसांनी दुपारी लख्ख ऊन पडलं. राणी दाराशी आली, गर्रकन फिरून आपली पेटी नीट पाहून घेतली आणि उडाली. ऊर्मीने वर पाहिलं. तारेवर वेडे राघू बसले होते. हे हिरवे पक्षी हवेतल्या हवेत माश्या टिपतात. एक झेपावलासुद्धा!

ऊर्मी घरात धावली, चुलीजवळचं पितळी ताट आणि पळी घेऊन आली आणि तारेखाली उभी राहून जिवाच्या आकांताने बडवू लागली. राघू उडाले, फिरून आले, पुन्हा उडाले. ऊर्मीचे हात भरून आले, तरी ताट थांबलं नाही. शेजारपाजारची माणसं बाहेर येऊन विचारू लागली, पोरीला झालंय काय?

"थांब!" आत्याआजी ओरडली.

दाराच्या फळीवर राणी उतरली होती. पहारेकरणी तिच्याभोवती गोळा झाल्या, शृंगिकांनी तिला चाचपलं आणि तिला आत घेतलं. ऊर्मी ताट टाकून मटकन खाली बसली.

चार-पाच दिवसांनी तिने चष्मा लावला. पेटीतला सूर पुन्हा संथ, एकसंध झाला होता. राणी एका खोलीत वाकली, सरली, दुसरीत वाकली. मागे प्रत्येक खोलीच्या तळाशी एकेक पांढरं अंडं उभं राहत होतं. काही दिवसांपूर्वी हीच राणी शेजारणींसारखी एक अळी होती. आणि या सगळ्या अंड्यांत, पुढे फुलं धुंडाळत राबून मरणाऱ्या त्या प्रत्येकीत, एक राणी झोपलेली असणार होती. ऊर्मीचे डोळे भरून आले. ती कितीतरी वेळ तशीच पाहत राहिली.

डोंगराच्या कडेला कारवीच्या कळ्या फुगल्या होत्या, आणि जुन्या कामकरी माश्या त्यांच्यावर घिरट्या घालून परतत होत्या.

"आत्याआजी, एवढ्या अळ्या होत्या. त्यांनी तीच का निवडली? शेजारची का नाही?"

"वयाचा अंदाज घेतात, भूक ओळखतात, वासही घेत असतील. काही काही कळलंय," आत्याआजी म्हणाली. "पण नेमकी तीच का, हे मला ठाऊक नाही."

"मग कुणाला ठाऊक आहे?"

"अजून कुणालाच नाही."

ऊर्मीने आत्याआजीकडे पाहिलं. एवढी शिकलेली, एवढं जग फिरलेली बाई हे हसत हसत सांगत होती. ऊर्मीने चष्म्याचा पट्टा घट्ट केला आणि जमिनीवर मांडी ठोकली.

"ठिपक्या," ती म्हणाली, "चल रे आत. पहिल्या खोलीपासून बघू."