वहिनींनी न लावलेलं दार

मुलीने कारखान्याचं नेमणुकीचं पत्र मोठ्याने वाचलं, “विभाग प्रेस, यंत्र क्रमांक चार,” आणि तिच्या आईने, वहिनींनी, हातातली भरलेली कपबशी पुन्हा ट्रेमध्ये ठेवली.

“उद्यापासून रुजू. आणि माझा सुपरवायझर कोण, सांगा पाहू?”

सुपरवायझर समोरच बसला होता. तो मुलीचा काका, वहिनींचा धाकटा दीर, त्यांचे भाऊजी. त्याचं अर्धं बिस्किट चहात विरघळून गेलं तरी त्याने हात वर काढला नाही.

“हात जप गं बाई,” सासूबाई नातीला म्हणाल्या. “यंत्राचं काही नाही, यंत्र बिचारं शहाणं असतं. घरातल्या दारापासून जप.”

सगळे हसले. वहिनीही हसल्या, नऊ वर्षांच्या सरावाने ते हसू आता अगदी वेळेवर येत असे.

नऊ वर्षांपूर्वी वहिनींनी धाडकन दार लावलं आणि नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक घराला पाठ होती, कारण सासूबाईंनी ती स्वतः घरपोच दिली होती. तेव्हापासून वहिनी दाराकडे निघाल्या की पाहुणे हात खिशात घालत. आणि खरं तर त्या दिवशी वहिनींनी कुठलंच दार लावलं नव्हतं...

बोटं गेली होती चार नंबरच्या प्रेसखाली. त्या प्रेसला दोन बटणं होती, एकेका हातासाठी एकेक. दोन्ही एकदम दाबली तरच पत्रा कापणारं वरचं पातं खाली येई, म्हणजे हात आपोआप बाहेर राहत. ज्याने हे यंत्र बनवलं त्याला माणसाच्या हातांची काळजी होती, पण दिवसाच्या टार्गेटची कल्पना नव्हती. म्हणून डाव्या बटणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधायचा, की ते कायम दाबलेलं राहतं, डावा हात पत्रा सरकवायला मोकळा होतो आणि काम दुप्पट निघतं. ट्यूब बांधायला सांगितली होती भाऊजींनी. बांधली होती त्यांच्याच थोरल्या भावाने, वहिनींच्या नवऱ्याने. सुपरवायझर म्हणून भाऊजींची नोकरी कायम व्हायला तेव्हा वीस दिवस बाकी होते.

दवाखान्याच्या जिन्यात भाऊजींनी वहिनींचे पाय धरले होते. लग्न होऊन आल्यावर ज्या दिराचं गणित घेता घेता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तोच आता त्यांच्या पायांवर रडत होता, आणि त्याच्या हातात एक फॉर्म होता. अपघात कामावर झाला असं लिहिलं तर त्याची नोकरी जाणार होती. घरी झाला असं लिहायचं, तर दार कोणी लावलं? वाऱ्यावर आरोप ठेवला तर वारा किती होता हे कोणीतरी विचारतं. बायकोवर ठेवला तर कोणी काहीच विचारत नाही. सासूबाईंना खरं सांगायचं म्हणजे भोंगा लावून सांगण्यासारखं होतं, म्हणून त्यांनाही तेच सांगितलं. “लिहा माझं नाव,” वहिनी म्हणाल्या होत्या, आणि त्या एका वाक्याच्या ओझ्याखाली त्यांचं हृदय नऊ वर्षं मुकाट चालत राहिलं...

पण आज ते मुकाट राहीना. वहिनींनी ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला, घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. शेवटी त्यांनी भाऊजींना स्वयंपाकघरात बोलावलं.

“भाऊजी, चार नंबरचं डावं बटण मोकळं आहे का?”

“वहिनी, आता काळ बदललाय. प्रत्येक भिंतीवर सुरक्षेची पोस्टरं लावलीत.”

“बटण मोकळं आहे का?”

भाऊजींनी न गळणारा नळ घट्ट केला. “टार्गेट वाढलंय, वहिनी... मी तिला पॅकिंगला टाकतो. आपल्या पोरीला मी त्या यंत्रावर बसवीन का?”

“मग चार नंबरवर कोण बसेल?”

“बसेल दुसरी कोणीतरी.”

“तिला आई नाही वाटतं?”

तेवढ्यात दारात मुलगी उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

“ट्यूबचं म्हणताय ना? ते तर प्रशिक्षणातच दाखवलं, आई. हाताला सवय लागली की काही होत नाही म्हणाले. फक्त घरी बोलू नका म्हणाले.”

वहिनींनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. एकेक करून पाचही बोटं मोजली, जन्मली त्या दिवशी मोजली होती तशी, आणि तो हात तसाच धरून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

“आई,” त्या सासूबाईंना म्हणाल्या, “मी दार लावलं नव्हतं.”

सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग थोरल्या लेकाकडे. नऊ वर्षं बायकोच्या आड लपलेला तो माणूस खुर्चीतून उठला आणि तुटका हात त्याने पहिल्यांदाच लपवला नाही.

“बोटं प्रेसवर गेली, आई. फॉर्मवर सही माझी आहे. तू हिला बोलायचीस तेव्हा मी पेपर वाचायचो... तोच तोच पेपर.”

“आणि ट्यूब मी बांधायला लावली होती,” भाऊजी मागून म्हणाले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या घरात ही गोष्ट अपघातापेक्षा दुर्मीळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी चार नंबरची ट्यूब कापली, मालकांच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी जुन्या अपघाताचा खरा अर्ज ठेवला. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे निलंबित केलं. कारणात लिहिलं, सुरक्षा मोहिमेत अडथळा. पण दुपारपर्यंत टेबलापुढे आपापले खरे अर्ज घेऊन आलेल्या कामगारांची रांग लागली. कारखान्याच्या नोंदींनुसार कारखान्याइतकी सुरक्षित जागा जगात नव्हती आणि कामगारांच्या घरांइतकी धोकादायक दुसरी नव्हती: कुणाचा अंगठा मिक्सरने खाल्ला होता, कुणाचा डोळा मुलाच्या चेंडूने गेला होता, एकाला तर न पाळलेला कुत्रा चावला होता. अकरा जणांनी आपापली घरं निर्दोष करून घेतली. रांगेतल्या कोणीतरी कळवल्यावर संध्याकाळी सरकारी तपासनीस आले आणि सगळ्या प्रेस बंद झाल्या. मुलगी दहाही बोटांनिशी घरी परतली.

सासूबाई मात्र घरी नव्हत्या. जेवण उरकून गेलेल्या त्या दिवेलागणी झाली तरी परतल्या नव्हत्या, आणि वहिनी गॅलरीतून आत, आतून गॅलरीत अशा येरझाऱ्या घालत होत्या. रागावून लेकीकडे गेल्या असतील का? की कुठे पडल्या...

अखेर जिन्यात काठी वाजली. सासूबाई आल्या, भिंतीला धरून बसल्या. गुडघे सुजले होते.

“आई, कुठे होता इतका वेळ?”

“गल्लीत. घरं थोडी का आहेत?” त्यांनी पदराने तोंड पुसलं, डोळे पुसलेले दिसू नयेत अशा बेताने. “प्रत्येक घरी सांगून आले, माझ्या सुनेने दार लावलं नव्हतं म्हणून. तीन घरं राहिलीत. उद्या जाईन.”

वहिनींनी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला घेतलं. “उद्या मी येते बरोबर,” त्या म्हणाल्या.

“तू नको,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या माघारी सांगितलं होतं, तुझ्या माघारीच फेडते.”